काठावरची खाच

१

कपाट बंद होतं, कुलूप शाबूत होतं, काचेवर साधा ओरखडाही नव्हता. फक्त आतलं पातेलं गायब होतं.

मखमलीवर एक गडद निळं वर्तुळ तेवढं उरलं होतं. पातेल्याखाली इतकी वर्षं ऊन पोचलं नव्हतं, म्हणून तिथली मखमल नवीकोरी राहिली होती. बाकीची केव्हाच विटली होती.

ते आमच्या कारखान्याचं पहिलं पातेलं. दुधाचं, दांडीचं. माझ्या आजेसासऱ्यांनी स्वतः साचा घडवला, हाताने फिरवायच्या प्रेसवर पत्रा दाबला आणि त्यातून हा पहिला नग निघाला. त्यानंतर इथून पातेली, किटल्या, कढया गाड्या भरभरून गेल्या, पण ऑफिसातल्या काचेच्या कपाटात बसायचा मान या एकालाच. शनिवारी संग्रहालयाच्या बाई येणार होत्या. जुन्या घरगुती वस्तूंचं मोठं प्रदर्शन होतं आणि त्यात आमचं पातेलं अगदी दारातच मांडायचं ठरलं होतं. त्यासाठी कारखान्याच्या इतिहासाची एक पुस्तिका हवी होती आणि 'सूनबाई शिकलेली आहे' म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

"धाकट्या, काढ ते कुठे ठेवलंयस ते," सासरे म्हणाले. ते उत्पादन बघतात आणि आवाज प्रेस मशीनच्या वरचा लावतात.

"मी? दादा, प्रदर्शनाला पाठवायला जीव खाली-वर होत होता तो तुझा. तूच लपवलंस," काकासासरे म्हणाले. ते विक्री बघतात आणि आवाज कधीच चढवत नाहीत. त्यामुळे ते जास्त झोंबतात.

"माझंच पातेलं मी चोरू?"

"ऐकलंस ना सूनबाई? ह्याचंच! वडील जसे काही एकट्या ह्याचेच होते."

"तुला ते जुनाट वाटतं. विकलं असशील कुण्या हौशी माणसाला."

मग जे व्हायला नको होतं ते झालं. सासऱ्यांनी टेबलावर मूठ आपटली. "शनिवारपर्यंत पातेलं ह्या मखमलीवर दिसलं नाही, तर कारखान्याच्या दोन वाटण्या. अंगणात मधोमध भिंत. वकिलाला सांगतो मी."

"उद्यावर कशाला ढकलतोस? आजच सांग."

आमचं घर कारखान्याला लागूनच आहे. अंगणाच्या एका बाजूला सासऱ्यांच्या खोल्या, दुसऱ्या बाजूला एकट्या काकांची. माझी मुलगी नुकतीच रांगायला लागली होती आणि दिवसभर या दारातून त्या दारात फेऱ्या घालायची. तिच्या वाटेत भिंत उभी राहणार, एवढंच माझ्या डोळ्यांसमोर आलं.

तेवढ्यात दोघांनाही एकदमच काहीतरी आठवलं. दोन्ही माना माझ्याकडे वळल्या.

"कपाटाची किल्ली," सासरे हळू आवाजात म्हणाले, "पुस्तिकेसाठी तुझ्याकडेच दिली होती ना?"

२

किल्ली मी स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, एका रिकाम्या डब्यात ठेवली होती. कारण भोंगा.

भोंगा म्हणजे आमची मुलगी. जन्मली तेव्हा असा काही सूर लावला की काकांनी विचारलं, "शिफ्ट सुटली का?" नाव तिथेच चिकटलं. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंतची प्रत्येक वस्तू ती तोंडात घालून बघते. त्यामुळे बटण, नाणं, किल्ली, पेनाचं टोपण हे सगळं मला आधी तिच्या घशात अडकलेलं दिसतं आणि मग समोर दिसतं. नवरा म्हणतो, तुला काळजीचा आजार आहे. असेल. पण त्यामुळे घरात कुठे काय आहे ते मला डोळे मिटून सांगता येतं.

आमच्या स्वयंपाकघराबद्दल थोडं सांगायला हवं. आजेसासऱ्यांचा नियम होता, चांगला माल गिऱ्हाइकाला, बाद माल घराला. तो आजही चालू आहे. तयार झालेला प्रत्येक नग सासऱ्यांच्या बहिणीच्या, म्हणजे आत्यांच्या टेबलावर जातो. त्या त्याला बोटाच्या पेराने टिचकी मारतात, सपाट काचेवर ठेवून डुगडुगतो का बघतात, काठावरून बोट फिरवतात. नापास झाला की कानस उचलून काठावर एक खाच. खाच पडली की तो नग बाजारात जात नाही. आमच्याकडे येतो.

लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, भांड्यांच्या कारखानदाराचं घर, काय थाट असेल! बघते तर एका बाजूला झुकलेली किटली, एका कानाची कढई, आणि एकाही झाकणाचं आपल्या पातेल्याशी पटत नव्हतं. सगळ्यांच्या काठांवर खाचा. भोंगा झाल्यावर त्या खाचांनी माझी झोप उडवली. त्यात दूध अडकेल, जंतू होतील. शेवटी बाटल्या उकळायला गुळगुळीत काठाचं काहीतरी शोधावं म्हणून मी सगळी मांडणी उपसली आणि पार मागे एक दांडीचं पातेलं सापडलं. ओट्यावर ते जरा डुगडुगायचं, पण गॅसवर नीट बसायचं. मी ते विजयाने वर धरलं, त्याच वेळी भोंगाने किंकाळी फोडली आणि शेजारी बसलेल्या आत्यांच्या हातातला चहा सांडला. तेव्हापासून बाटल्या त्यातच.

असो. मी किल्लीचा डबा खाली काढला. हाही बादच. त्याचं झाकण सरळ बसतच नाही. मी तो नाद केव्हाच सोडला होता. तिरकं टेकवायचं आणि वर बरणी ठेवायची, झालं.

आज झाकण निघेना. नखं लावून पाहिलं. शेवटी चमच्याची दांडी घालून उचकटावं लागलं. आत किल्ली होती, जागच्या जागी.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. किल्ली कुणीतरी नेली होती, वापरली होती आणि परत आणून ठेवली होती. आणि जाताना त्या माणसाने डबा असा बंद केला होता, जसा या घरात मला कधीच जमला नव्हता.

३

पहिला संशय काकांवर. मंगळवारी संध्याकाळी, म्हणजे पातेलं गेल्याचं कळलं त्याच्या आदल्याच दिवशी, मी त्यांना अंगणातून जाताना पाहिलं होतं. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी गोल होतं आणि चाल अशी, की पाहणाऱ्याला मुद्दाम पाहावंसं वाटावं.

भोंगाला कडेवर घेऊन मी त्यांच्या खोलीत गेले. हातात डबा होता.

"काका, मंगळवारी टॉवेलात काय आणलंत?"

काकांनी वर्तमानपत्र खाली केलं. "कोण म्हणतं मी काही आणलं?"

"भोंगा."

"हिला बोलता कुठे येतं?"

"म्हणून तर खोटं बोलत नाही."

काका उठले. दार लोटलं. पलंगाखाली हात घातला आणि टॉवेलाचं गाठोडं ओढून काढलं. आतून निघाला एक तवा. लालभडक. आतून काळा, गुळगुळीत.

"बाहेरून नमुना बनवून घेतलाय," ते कुजबुजले. "तळाला काही चिकटत नाही. रोज सकाळी ऑम्लेट करून बघतो मी. पण दादाला रंग चालत नाही ना! त्याच्या मते भांडं भांड्याच्याच रंगाचं हवं. आता तू जाऊन सांग त्याला, म्हणजे भिंतीच्या जागी खंदकच खणेल तो."

भोंगाने तव्याची दांडी पकडली आणि ती चोखायला सुरुवात केली.

"काका, तेवढं हे झाकण लावून देता का डब्याला?"

त्यांनी झाकण ठेवलं, दाबलं, तळहाताने ठोकलं. ते उडालं आणि घरंगळत पलंगाखाली गेलं. "बाद माल!" काका वैतागले. "अख्खं घर बाद मालाने भरलंय. म्हणून सांगतो, नवीन काहीतरी काढा."

मी मनातल्या मनात काकांच्या नावावर काट मारली. हे झाकण या हातांनी बसलं नव्हतं.

"पण सूनबाई," मी दारापर्यंत पोचले तेव्हा ते म्हणाले, "एक सांगू? मंगळवारी दुपारी मी ऑफिसात डोकावलो, तर दादा त्या कपाटासमोर गुडघ्यांवर बसलेला. मला पाहून ताडकन उठला. तोंड पुसत होता."

"रडत होते?"

"ते तू विचार. माझ्याशी तो आता वकिलामार्फतच बोलतो."

४

कपाटाखाली एक खण आहे. त्याला कुलूप नाही. मी तो ओढला तर आत जुन्या पावत्यांचा गठ्ठा आणि त्याच्यावर बारीक पिवळसर कण. गठ्ठा उचलला. मागे क्रीमच्या बिस्किटांचा पुडा. अर्धा संपलेला.

"बाबा, हे काय?"

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "उंदीर झालेत फार."

"उंदीर पुडा परत दुमडून वर रबरबँड लावतात?"

ते एकदम हसले. "अगं, तुझ्या सासूने लेकीकडे जाताना डॉक्टरांचा कागद फ्रीजवर चिकटवून ठेवलाय. गोड बंद. आत्या माझ्या पानाकडे अशी बघते, जशी नापास किटलीकडे बघते. माणसाने कुठे तोंड गोड करावं? हिला सांगू नकोस हां फोनवर."

"नाही सांगत. पण बाबा, तुम्हाला खरंच वाटतं काकांनी पातेलं विकलं?"

हसू मावळलं. "नाही वाटत. पण तो म्हणाला ना, की मी चोरलं! लहानपणापासून त्याचं हेच. साय कुणी खाल्ली, दादाने. पतंग कुणी फाडला, दादाने." ते खिडकीबाहेर अंगणाकडे बघत राहिले. "आता शब्द गेलाय तोंडातून. शनिवारी पातेलं नसलं तर मागे घेता यायचा नाही. मलाही नाही, त्यालाही नाही."

मी डबा पुढे केला. "हे झाकण लावून देता?"

त्यांनी डबा हातात घेतला, एकदा फिरवून काठावरची खाच बघितली आणि मला परत दिला. प्रयत्नसुद्धा केला नाही.

"मला काय देतेस? ज्याने बाद केलं त्यालाच ह्याची खोड ठाऊक. आत्याला दे. ती एका अंगठ्यात बसवेल."

ते सहज म्हणाले आणि पुडा परत गठ्ठ्यामागे सारायला लागले. मी मात्र डबा घेऊन थेट नवऱ्याकडे गेले.

५

"आत्या?" माझा नवरा हसायलाच लागला. "आत्या चोरी करणार? गाडीत भरलेला अख्खा माल एका किटलीच्या आवाजावरून परत उतरवणारी बाई आहे ती. तू जरा झोप. भोंगाला मी बघतो."

"कारण सापडत नाहीये, एवढंच. पातेलं नेऊन त्या काय करणार?"

"मग झोप."

झोपले नाही. पुस्तिकेसाठी मी मोबाइलवर काढलेला फोटो उघडून बसले. कपाटात ते पातेलं नेहमी दांडी मागे भिंतीकडे करून ठेवलेलं असायचं. फोटोत दांडी दिसावी म्हणून सोमवारी मी ते फिरवून पुढे केलं होतं. मंगळवारी कपाटाला कुलूप लावायला गेले तर दांडी परत मागे. मला वाटलं, धूळ पुसताना कुणी फिरवलं असेल. धूळ पुसायचं काम कुणाचं? आत्यांचं.

फोटो मोठा केला. चकचकीत पातेलं, गुळगुळीत काठ, दांडी.

"इकडे ये. दांडीला रिव्हेट किती आहेत सांग."

नवऱ्याने भोंगासकट मान पुढे केली. "तीन. नेहमीसारखे."

"नेहमीसारखे!" मी इतक्या जोरात ओरडले की भोंगा रडायची थांबली.

कारण सोमवारी जेवताना सासऱ्यांनी पुस्तिकेसाठी एक गोष्ट सांगितली होती. सुरुवातीच्या पातेल्यांची दांडी दोनच रिव्हेटांनी ठोकून बसवलेली असायची. मग एका गिऱ्हाइकाच्या हातात दांडी सुटून आली आणि गरम दूध सांडलं. आजेसासऱ्यांनी त्या दिवसापासून तिसरा रिव्हेट लावायला सुरुवात केली. "हे नक्की लिही," सासरे म्हणाले होते, "वडील चूक लपवणारे नव्हते." मी लगेच म्हटलं होतं की हे छानच आहे, संग्रहालयाच्या बाईंना पहिल्या पातेल्याचे दोन रिव्हेट मुद्दाम दाखवू. त्यावर आत्या पाणी आणायला उठल्या होत्या. समोर भरलेला पेला असताना.

म्हणजे कपाटात बसलेलं, गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवलं जाणारं ते पातेलं पहिलं नव्हतंच. पहिल्या दहांतही नव्हतं. ते आपलं कुठलंतरी, नंतरचं, साधं पातेलं होतं. दांडी मागे असल्यामुळे रिव्हेट कुणाला कधी दिसलेच नव्हते.

चोराने मौल्यवान वस्तू चोरली नव्हती. खोटी वस्तू लपवली होती.

मग खरी कुठे होती?

६

तपासणीच्या खोलीत आत्या एकट्याच होत्या. समोर किटल्यांची रांग. टिचकी, काच, काठ. टिचकी, काच, काठ.

"ये. आणि तिला त्या पत्र्यांपासून लांब ठेव," त्या मान वर न करता म्हणाल्या.

"आत्या, कपाटातलं पातेलं पहिलं नव्हतं."

टिचकी. "कशावरून?"

"तीन रिव्हेट होते."

काच. "बरं. आणि ते मीच काढलं हे कशावरून?"

"डबा फार छान बंद केलात."

त्यांचं बोट काठावर थांबलं. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, पण त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अगं, मला माहीत होतं तू तो तिरका ठेवतेस. म्हटलं, तसाच ठेवावा. पण हात वळलाच नाही बघ! वाईट बंद करणं मला जमेना."

"किल्ली तिथे आहे हे कसं कळलं?"

"फळीवरचं काहीतरी काढत होते. सवयीने डब्याला टिचकी मारली. रिकामा डबा खुळखुळला."

त्यांनी कानस बाजूला ठेवली, स्टूल ओढून मला बसवलं आणि सांगितलं. वडील गेले तेव्हा भावांनी ते कपाट बनवून घेतलं. पहिलं पातेलं घासूनपुसून तयार करायला आत्यांकडे दिलं. त्या तरुण होत्या, तपासणीला नुकत्याच बसायला लागल्या होत्या.

"मला आठवतंय तेव्हापासून ते माळ्यावरच पडून होतं. मी ते काचेवर ठेवलं. दुसरं काय करणार? आणि ते डुगडुगलं. टक-टक, टक-टक. बूड एका अंगाला फुगलेलं. वडिलांचं पहिलं पातेलं, आणि बाद! कपाट कुठे, तर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या वाटेवर. ज्यांचा पहिलाच नग बाद, त्यांचा माल कोण घेईल, सांग? मी गोदामातून एक चांगलं आणलं आणि मखमलीवर ठेवलं. दांडी मागे केली. दोन्ही शहाण्यांनी ते बघून डोळे पुसले. झालं."

"आणि खरं?"

"बाद माल कुठे जातो आपल्याकडे?"

"घरी. पण मग त्यावर खाच मारली असेल तुम्ही. आमच्याकडे तर सगळ्यांवरच..."

"कानस उचलली होती," आत्या म्हणाल्या. "दोनदा. वडिलांच्या हातचं होतं गं. नाही चालली."

बाद, म्हणून घरात. आणि तरीही काठ गुळगुळीत. मी भोंगाकडे बघितलं. तिच्या हातातल्या बाटलीकडे बघितलं.

"आत्या! बाटल्या!"

"एवढ्या पसाऱ्यातून तू नेमकं तेच वर धरलंस, तेव्हा चहा उगाच सांडला नव्हता माझा. तुझ्या सासूने डुगडुगतं म्हणून मागे टाकलं होतं. म्हटलं चला, पणतीच्या कामाला आलं."

"आणि कपाटातलं?"

"ते तर चांगलं होतं. एकदाही चुलीवर चढलेलं नाही. चकाकी देऊन मालात भरलं. कालच्या गाडीत गेलं." त्या जराशा ओशाळल्या. "मला वाटलं, हरवलं म्हणून दोन दिवस हळहळतील, मग विसरतील. हे दोघे भिंत बांधायला निघतील असं कुणाला ठाऊक!"

"मग आता सांगा त्यांना."

आत्यांनी किटली उचलली, खाली ठेवली. टिचकी मारायला विसरल्या. "जन्मभर दुसऱ्यांच्या कामावर खाच मारली मी. कुणी एकदा विचारलं नाही, का म्हणून. आता सांगू, की माझाच नग खोटा होता?" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू सांगितलंस तर मी नाही म्हणणार नाही. पण माझ्या तोंडून निघेल की नाही, ठाऊक नाही मला."

७

शनिवारी ऑफिसात सासरे टेबलाच्या या टोकाला, काका त्या टोकाला. प्रत्येकाच्या शेजारी एकेक वकील. मधे संग्रहालयाच्या बाई, हातात भिंग, समोर मोकळी मखमल. भिंतीपाशी आत्या, हात पदरात.

"क्षमा करा," सासरे बाईंना म्हणत होते, "तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. आमच्या घरातल्याच एका माणसाने..."

"दादा, नाव घे की," काका म्हणाले.

मी कुणाचंच नाव घेतलं नाही. एका काखेत भोंगा आणि एका हातात पातेलं घेऊन आत आले. टेबलावर काच होती. पातेलं मी तिच्यावर ठेवलं आणि हात काढला.

टक-टक. टक-टक. टक.

सासऱ्यांचं वाक्य अर्धंच राहिलं. "परत वाजव," ते म्हणाले.

मी दांडीला बोट लावलं. टक-टक, टक-टक.

"आईचा ओटा," काका म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता. "दादा, सकाळी दूध ओतताना हाच आवाज यायचा!"

"आणि तू डोक्यावरून पांघरूण ओढून घ्यायचास."

"आणि तू उठून साय पळवायचास!"

"एकदा. एकदाच खाल्ली होती."

"रोज!"

"आई पुठ्ठा घडी करून खाली घालायची," सासरे दांडीवरून हात फिरवत म्हणाले. "वडील म्हणायचे, टाकून दे, बाद आहे. तर आई म्हणायची, तुमचं पहिलं आहे, हे माझं. चांगली लोकांना द्या." ते थबकले. "अरे, म्हणजे तो नियम... तिथून आला की काय?"

पुस्तिकेसाठी मी त्यांना पन्नास वेळा विचारलं होतं, हा नियम केला कधी. कुणालाच सांगता आलं नव्हतं.

संग्रहालयाच्या बाईंनी पातेलं उलटं केलं. "रिव्हेट दोन. बरोबर. मग कपाटात होतं ते कुठलं?"

मी तोंड उघडलं नाही. भिंतीपाशी पदराची सळसळ झाली.

"ते मी ठेवलं होतं," आत्या म्हणाल्या. "आणि काढलंही मीच." आणि एका दमात सगळं सांगून मोकळ्या झाल्या, काचेवरच्या टक-टकीपासून मालाच्या गाडीपर्यंत. "आता काय ती खाच मारा माझ्यावर."

दोन्ही भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. आधी काकांच्या नाकातून आवाज आला. मग सासऱ्यांचं पोट हलायला लागलं.

"म्हणजे इतकी वर्षं," काका म्हणाले, "गोदामातल्या एका पातेल्यासमोर मी परदेशी पाहुण्यांना उभं करून भाषण देत होतो?"

"आणि मी दर वर्धापनदिनाला त्याला नमस्कार करत होतो!" सासरे डोळे पुसत म्हणाले. "आणि खऱ्यात हिच्या बाटल्या उकळत होत्या! भांड्यांचे कारखानदार आपण, आणि स्वयंपाकघरात एकदा डोकावलो असतो तर..."

"काका डोकावतात," मी म्हटलं. "ऑम्लेटपुरते."

काकांनी मला डोळे वटारले, पण मग स्वतःच जाऊन तो लाल तवा आणला. सासऱ्यांनी रंग बघून तोंड वाकडं केलं. तरी टिचकी मारली. "आवाज बरा आहे," ते कुरकुरले. आत्यांनी तो काचेवर ठेवला. तवा हलला नाही. वकिलांनी चहा घेतला आणि फीचं काही न बोलता निघाले.

बाईंनी भिंग लावून पातेलं पुन्हा पुन्हा पाहिलं. "हा आत पांढरा थर कसला?"

"पाण्याचे क्षार. बाटल्या उकळून," मी घाईघाईने म्हटलं. "व्हिनेगर टाकलं की जातो."

"मुळीच काढू नका. इतकी निर्जंतुक ऐतिहासिक वस्तू मी अजून पाहिलेली नाही."

प्रदर्शनाला न्यायच्या दिवसापर्यंत पातेलं कपाटात गेलं. मखमलीवरच्या गोल वर्तुळात ते बसेना. फुगलेलं बूड एका अंगाला बाहेरच राहिलं. प्रेस मशीनचा ठोका पडला की कपाट जरासं हादरतं आणि आतून आवाज येतो, टक-टक. सासऱ्यांनी खाली पुठ्ठा घालायचा आग्रह धरला होता. आत्यांनी साफ नकार दिला.

संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात आल्या. हातात कोरं दांडीचं पातेलं. तीन रिव्हेट, चकचकीत, सपाट बुडाचं. मी सवयीने काठावरून बोट फिरवलं. खाच नव्हती.

"आत्या, हे तर चांगलं आहे!"

"हो."

"गिऱ्हाइकाचं?"

"भोंगा गिऱ्हाईकच आहे. आणि काय कटकटं गिऱ्हाईक!" त्या म्हणाल्या. "या घरात आलेला हा पहिला पास नग. जपून वापर."

मी ते ओट्यावर ठेवलं. जरासुद्धा हललं नाही. इतकं सरळ भांडं या ओट्यावर परकंच वाटत होतं. भोंगाला कडेवर घेऊन मी बाटल्या आणायला वळले, तेवढ्यात तिने दांडी पकडली, ओढली आणि सोडून दिली.

काय तो आवाज! सासरे एका दारातून धावत आले, काका दुसऱ्या. भोंगाला काही झालं नव्हतं, हे मी तिची सगळी बोटं दोनदा मोजून पक्कं केलं. पातेलं मात्र एका कुशीवर पडलं होतं, आणि दुसरी कूस चेपली होती.

आत्यांनी ते उचललं. टिचकी मारली. ओट्यावर ठेवलं.

टक-टक.

त्यांनी पदराआडून कानस काढली, काठावर एक झकास खाच मारली आणि पातेलं माझ्या हातात दिलं.

"घे," त्या म्हणाल्या. "आता घरचं झालं."